खारा वारा सुटायच्या आत

कोकणातल्या घराला वाळवण शिकवावं लागत नाही. होळी झाली की खळ्यात, ओटीच्या पायरीवर, पडवीच्या पत्र्यावर काही ना काही पसरलेलं असतंच. आमसुलं, आठळ्या, आंब्याफणसाची साटं, मिरच्या, पापड, कुरडया आणि किनाऱ्यालगत सुकट, सोडे, बोंबील. पावसाळ्याआधीच्या, आगोटीच्या या बेगमीत अळंबी मात्र दिसत नाही. रानातली अळंबी उगवते तीच मुळी पावसात, वारुळाच्या आसपास, दोनचार दिवसांसाठी. ऊन असतं तेव्हा ती नसते आणि ती असते तेव्हा ऊन नसतं. त्यामुळे मिळाली की त्याच दिवशी ओलं खोबरं घालून संपवायची, एवढाच तिच्याबाबतीतला रिवाज.

आता धिंगरी, म्हणजे घरात वाढवता येणारी ऑयस्टर अळंबी, आली आहे. मागीलदारच्या अंधाऱ्या खोलीत पेंढ्याच्या पिशव्या टांगल्या की ती पाऊस बघत नाही, मनाला येईल तेव्हा फुटते, आणि फुटते ती एकदम. एका बहरात चारपाच किलो निघाली तर घर किती खाणार? फ्रिजमध्ये तीनचार दिवस, बाहेर एक दिवस, नंतर चिकटपणा आणि आंबूस वास. म्हणून वाळवणं आलं. पण आमसुलासारखी ताटात पसरून उन्हात टाकली की ती काळपट पडते, वातड राहते आणि डब्यात आठ दिवसांत कुबट होते. आमसुलात आंबटपणा असतो, मीठ असतं. थोडी ओल राहिली तरी ते सांभाळून घेतात. अळंबीत सांभाळून घेणारं काहीच नाही. तिला पूर्ण वाळावंच लागतं.

ताज्या अळंबीत शंभरात नव्वद भाग पाणी असतं. म्हणजे एक किलो धिंगरी वाळवणं म्हणजे जवळजवळ ९०० मिलिलिटर पाणी हवेत सोडणं. ऊन हे पाणी सुटं करतं, पण वाहून नेते ती हवा, आणि किनाऱ्यावरची हवा बऱ्याचदा आधीच भरलेली असते. २८ अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे २७ ग्रॅम वाफ मावते. जुलैच्या झडीत आर्द्रता ९० टक्के असेल, तर त्यातली २४ ग्रॅम आधीच तिच्यात असते. उरली जागा तीन ग्रॅमची. जानेवारीतल्या कोरड्या सकाळी तीच हवा अर्धी रिकामी असते. अळंबी वाळवताना बघायची ती ही रिकामी जागा. ऊन कडक आहे का, हा प्रश्न त्याच्या मागून येतो.

किनाऱ्यावर दिवसाला दोन हवा असतात. डिसेंबर ते फेब्रुवारी सकाळी वारा डोंगराकडून समुद्राकडे वाहतो. हे मतलई वारे सह्याद्री उतरून आलेले, कोरडे. दुपारी जमीन तापली की वारा फिरतो आणि समुद्रावरून खारे वारे आत येतात, दमट. ऊन तेवढंच लख्ख दिसतं, पण त्वचा चिकट होऊ लागते. धिंगरीलाही तेच होतं. म्हणून दव उडालं की, साधारण साडेआठ-नऊला, वाळवण बाहेर हवं. पहिले तीनचार तास सोन्यासारखे; सगळ्यांत जास्त पाणी त्याच वेळात जातं. दुपारनंतरचे तास वाळवण्यापेक्षा आहे ते टिकवण्याचे. चार वाजता, ऊन शिल्लक असतानाच, वाळवण घरात घ्यायचं. ‘आणखी अर्धा तास राहू दे’ म्हणून ठेवलेलं वाळवण संध्याकाळी दुपारपेक्षा मऊ मिळतं.

अगदी पुळणीला लागून घर असेल तर आणखी एक गोष्ट. वाऱ्याबरोबर मिठाचे बारीक कण येतात आणि वाळवणावर बसतात. आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळू लागतं. पावसाळ्यातली मिठाची बरणी सगळ्यांनी पाहिलेली आहे. वाळवण घराच्या आडोशाला, समुद्राकडे पाठ करून ठेवावं. याच कारणासाठी अळंबीला मीठ लावून वाळवू नये, मिठाच्या पाण्यात उकळूनही नाही. घाटावर ते चालून जाईल, इथे मृग लागला की तोच डबा आधी ओला होतो.

आता मालाची निवड. धिंगरी काढायची ती छत्रीची कड अजून आत वळलेली असताना. कड सपाट होऊन वर उलटली की ती बीजाणू सोडू लागते. खालच्या ताटावर पांढरी भुकटी पडते, खोलीत धूळ होते आणि दम्याच्या माणसाला त्रास होतो. अशी अळंबी वाळून पिवळी आणि कडक होते, चवही उतरते. काढणीआधी दहाबारा तास पिशव्यांवर पाणी मारू नये. आपणच मारलेलं पाणी मग आपल्यालाच वाळवत बसावं लागतं. विकतच्या पाकिटात आतून थेंब जमलेले असतील, तर घरी आणल्या आणल्या पाकीट फोडून अळंबी कापडावर मोकळी करावी. वास आंबूस आला किंवा बोटाला बुळबुळीत लागली, तर ती वाळवण्याच्या लायकीची नाही. वाळवल्याने बिघडलेलं काही सुधारत नाही.

धुवायची नाही. पेंढ्याचे कण कोरड्या कापडाने किंवा मऊ ब्रशने झटकावेत, बुडखा कापून टाकावा. फारच मळलेली असेल तर पाण्यातून पटकन काढून पंच्यात सैल बांधावी आणि अंगणात गरगर फिरवावी. भरपूर पाणी उडून जातं आणि पिळताना चुरा होतो तसा होत नाही.

धिंगरीला सुरी लागत नाही. छत्रीच्या खालचे पडदे ज्या दिशेने गेलेत, त्या दिशेने हाताने ओढलं की ती सरळ फाटते. बोटाएवढ्या, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर रुंद पट्ट्या कराव्यात. देठ जाड आणि चिवट; त्याच्या तीन मिलिमीटरच्या चकत्या करून वेगळ्या पसराव्यात, कारण त्या पट्ट्यांच्या बरोबरीने वाळत नाहीत. एकत्र ठेवल्या की पट्ट्या वाळल्या म्हणून सगळंच भरलं जातं आणि देठातली ओल अख्खा डबा नासवते. जाडी दुप्पट झाली तर वेळ दुप्पट होत नाही, त्याहून पुष्कळ जास्त लागतो. आतलं पाणी पृष्ठभागापर्यंत यायला वाट लांब होते. दुधी अळंबीचा देठ मांसल असतो, तो चार मिलिमीटरवर उभा चिरावा. बटण अळंबीच्याही तेवढ्याच चकत्या. ती चिरल्याबरोबर तपकिरी होते ते तिच्यातल्या विकराने, सफरचंद काळं पडतं तसं. लिंबाच्या पाण्यात बुडवून काढली तर रंग थोडा राहतो, पण तेवढं पाणी वाढतं. तपकिरी रंगाने काही बिघडत नाही. रंगासाठी चव धुवून टाकू नये, असं माझं मत.

पसरायचं कशावर, यात निम्मं यश आहे. ताट, परात, सूप यांना तळ असतो. पट्टीची खालची बाजू घाम धरून बसते. बोंबील वाळवणारे कोळी काय करतात ते बघावं. बांबूच्या मांडवावर दोन दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवून ते टांगतात, वारा चारी बाजूंनी फिरतो. अळंबीलाही तसंच हवं. लाकडी चौकटीला नायलॉनची मच्छरदाणी ताणून बसवली की उत्तम जाळी तयार. नाहीतर काथ्याची खाट, तिच्यावर धुतलेलं पातळ मलमल. गंजकी लोखंडी जाळी नको, डाग पडतात. छापील वर्तमानपत्र तर नकोच, ओल्या पट्टीला शाई लागते. जाळी जमिनीपासून हात-दीड हात वर हवी. सारवलेल्या खळ्याला सकाळी ओल असते आणि मुंग्याही तिथूनच येतात; खाटेचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले की तो प्रश्न मिटतो. एक चौरस फुटात १५० ते २०० ग्रॅमपेक्षा जास्त नको, एकही पट्टी दुसरीवर नको. दोन पट्ट्या जिथे चिकटतात तिथेच पहिला काळा डाग दिसतो. माश्यांसाठी वर मलमल, पण पट्ट्यांना टेकणार नाही असं ताणलेलं.

थोडीच असेल तर सुईदोरा घ्यावा. लहान छत्र्या देठाकडून ओवून दोन दोन सेंटिमीटर अंतर ठेवायचं आणि माळ खिडकीत बांधायची. फ्लॅटमध्ये हीच रीत सोयीची.

एप्रिलमध्ये पत्रा इतका तापतो की हात ठेववत नाही. तिथे पट्ट्या टाकल्या की वरून तासाभरात कडक होतात आणि हाताला वाळलेल्या वाटतात. खरं तर त्या वरून शिजून बंद झालेल्या असतात, बाहेर कातडं आणि आत ओल. ही ओल मग बाहेर यायला मार्गच राहत नाही, ती डब्यात गेल्यावर येते. सुरुवात नेहमी मंद हवी, ४० ते ४५ अंशांपर्यंत, भरपूर वाऱ्यात. निम्म्याहून जास्त पाणी गेलं की ५५-६० अंशांची ऊब चालते, शेवटची ओल त्यानेच निघते. पत्र्यावरच वाळवायचं असेल तर वर खाट टाकून. बंद मोटारीचा उपयोग असाच शेवटी करावा. उन्हात उभ्या मोटारीत चांगली ऊब होते. काच दोन बोटं खाली ठेवली तर वाफ बाहेर पडते. काच पूर्ण बंद असेल तर तीच वाफ आत फिरत राहते.

उन्हाचा एक वेगळा फायदा आहे. अळंबीतल्या अर्गोस्टेरॉल नावाच्या द्रव्यावर उन्हातले अतिनील किरण पडले की त्याचं ‘ड’ जीवनसत्त्व होतं. त्यासाठी पट्ट्या ताज्या असताना, पडद्यांची बाजू वर करून, भर दुपारच्या उन्हात तासभर ठेवाव्यात. काचेआड हे घडत नाही, ते किरण काच अडवते. किती जीवनसत्त्व झालं हे घरी मोजता येत नाही, त्यामुळे डॉक्टरांनी दिलेल्या गोळीऐवजी हे धरू नये.

एका दिवसात काम पुरं होत नाही. हिवाळ्यात पातळ पट्ट्यांना दीड ते दोन दिवस, देठांना तीन. मधली रात्र फार नाजूक. अर्धवट वाळलेली अळंबी डब्यात झाकून ठेवली की तिला घाम फुटतो, पडवीत ठेवली तर दव लागतं. आतल्या खोलीत, जाळीसकट, पंख्याखाली ठेवावी. आणि सुकट, बोंबील जिथे आहेत त्या खोलीत अजिबात नको. अळंबी वास पटकन धरते, मग कितीही धुतलं तरी तो जात नाही.

पावसात काय? नुसता पंखा लावून काम होत नाही, हे आधी मान्य करावं. भरलेली हवा कितीही जोरात फिरवली तरी ती भरलेलीच. पट्ट्या वातड होतात आणि तिथेच अडतात. हवा तापवली की मात्र चित्र पालटतं. जुलैची तीच हवा ४५ अंशांवर नेली की तिच्यात सुमारे ६५ ग्रॅम वाफ मावू शकते, म्हणजे ९० टक्क्यांची आर्द्रता ३५ टक्क्यांच्या आसपास उतरते. चुलीच्या वर टांगलेल्या कामट्यांच्या जाळीवर पावसाळ्यात पदार्थ कोरडे राहतात त्यामागे हेच आहे. चूल असेल तर स्वयंपाक आटोपल्यावर, धूर थांबून नुसते निखारे उरले की वैलाच्या वर दोन हातांवर जाळी टांगावी. धूर चालू असताना नको. माशाला धूर शोभतो, अळंबीची नाजूक चव त्याखाली गडप होते.

चूल नसलेल्या घरात फ्रिज कामाला येतो. बर्फ न साचणाऱ्या फ्रिजमध्ये हवा जेमतेम चार अंशांची, तिच्यात वाफ मावतेच सहासात ग्रॅम, आणि तीही आतल्या थंड भागावर जमून बाहेर जाते. न झाकलेल्या पालेभाज्या त्यात सुकून जातात ते याच कारणाने. पट्ट्या चाळणीत एका थरात, उघड्या, वरच्या कप्प्यात दोनतीन दिवस ठेवल्या की पुष्कळ पाणी निघून जातं, तेही न नासता. फ्रिजमध्ये त्या वेळी चिरलेला कांदा किंवा मासळी उघडी नको. नंतर शेवट उबेवर. ओव्हन असेल तर सर्वांत कमी आचेवर, दारात लाकडी चमचा अडकवून फट ठेवायची. दार बंद केलं तर अळंबी वाळत नाही, वाफवली जाते. ओव्हन नसेल तर जाड लोखंडी तवा तापवून गॅस बंद करायचा, तव्यावर तिवई, तिच्यावर चाळण. तवा निवला की पुन्हा तापवायचा. असं पाचसहा वेळा करावं लागतं. कंटाळवाणं आहे, पण फ्रिजमधून आलेल्या पट्ट्यांना तेवढं पुरतं. मायक्रोवेव्हच्या नादी लागू नये, त्यात एक टोक जळतं आणि दुसरं ओलं राहतं.

वाळली हे कसं ओळखायचं? गरम असताना हात लावून नाही. ऊब असेपर्यंत पूर्ण वाळलेली पट्टीसुद्धा लवते. सावलीत दहा मिनिटं निवू द्यावी आणि मग मोडावी. पापडासारखी कट्कन तुटली पाहिजे, वाकून मग तुटली तर अजून ओल आहे. सर्वांत जाड तुकडा निवडून मोडायचा, पातळ नव्हे. घरात वजनकाटा असेल तर याहून खात्रीचा मार्ग आहे. सुरुवातीलाच १०० ग्रॅम पट्ट्या वेगळ्या मोजून जाळीच्या एका कोपऱ्यात ठेवाव्यात. त्या ९ ते ११ ग्रॅमवर आल्या आणि पुढच्या तासाभरात काटा हलला नाही, तर काम झालं. साडेबारा-तेरावर घाई करून भरल्या तर तो डबा गणपतीपर्यंत पोहोचणार नाही.

भरायची तीही लगेच नाही. आधी काचेच्या बरणीत दोन तृतीयांश सैल भरून झाकण लावावं आणि आठ दिवस रोज एकदा हलवावी. या आठवड्यात कमीजास्त वाळलेल्या तुकड्यांतली ओल सारखी होते, आणि कुठे चूक झाली असेल तर इथेच कळते. काचेला आतून धुकं आलं, तुकडे एकमेकांना धरून बसले की सगळं पुन्हा जाळीवर. हा आठवडा बहुतेक जण गाळतात, आणि पुढे वाळवणाला दोष देतात.

नंतर लहान बाटल्या, रबरी कडीच्या झाकणाच्या, पंचवीस पंचवीस ग्रॅमच्या, गच्च भरलेल्या. मोठी बरणी पावसाळ्यात रोज उघडली की रोज थोडी ओली हवा आत जाते. सैल झाकणाचे स्टीलचे डबे इथे उपयोगाचे नाहीत, आणि नुसती प्लास्टिकची पिशवी हळूहळू ओल आत घेते. तळाशी भाजून निवलेल्या तांदळाची लहान पुरचुंडी ठेवावी. कडुलिंबाचा ओला पाला टाकू नये, त्याचीच ओल होते. किडीची अंडी मारायची तर बंद बाटली फ्रीझरमध्ये चार दिवस ठेवावी. बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडायचं नाही, नाहीतर गार तुकड्यांवर दव धरतं. मेअखेर, पहिल्या वळवाच्या आधी, सगळ्या बाटल्यांना एकदा ऊन दाखवून घ्यावं. इतर बेगमीला दाखवतो तसंच.

पट्ट्यांवर सारखी पांढरी पूड दिसली आणि झटकल्यावर निघाली तर ते बीजाणू. घडीत, कोपऱ्यात कापसासारखं काही दिसलं आणि वास कुबट आला तर ती बुरशी. मग वरचे तुकडे काढून खालचे वापरायचे नाहीत, अख्खी बाटली टाकायची. नुसती सादळली असेल, वास स्वच्छ असेल, तर कोरड्या तव्यावर मंद आचेवर पुन्हा कडक होते.

रानातल्या अळंबीबद्दल मात्र हात जोडून सांगणं आहे. ओळख पक्की नसेल तर ती वाळवून ठेवू नये. वाळवल्याने किंवा शिजवल्याने विषारी अळंबीचं विष जात नाही, सर्वांत घातक जातींचं तर नाहीच. चांदीचं नाणं काळं पडतं का, लसूण काळी होते का, या परीक्षा खोट्या आहेत. ताज्या अळंबीत निदान देठ, मूळ, छत्रीचं टोक बघून जाणता माणूस सांगू शकतो. वाळलेल्या चुऱ्यात ओळखायला काहीच उरत नाही. सातेरी देवीच्या वारुळाला मान देणाऱ्या गावांत वारुळावरची अळंबी हा पावसाचा प्रसाद आहे, तो ताजाच खावा. साठवणीला घरची किंवा खात्रीच्या शेतावरची धिंगरी घ्यावी.

वापरताना दहा ग्रॅमला एक कप कोमट पाणी, वीसपंचवीस मिनिटं. देठांना दुप्पट वेळ. मूळच्या वजनाला ती पूर्ण परत येत नाही, पोत थोडा चिवट राहतो, आणि भाजक्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणात तोच छान लागतो, सोड्यांच्या जवळ जाणारा. भिजवल्याचं पाणी फेकू नये. अर्धी चव त्यात उतरलेली असते. कापडातून गाळून रश्शात घालावं. नीट दहा मिनिटं शिजू द्यावी. मोडलेले तुकडे आणि देठ मिक्सरमध्ये दळताना नाकाला कापड बांधावं, झाकण दोन मिनिटांनी उघडावं. ही पूड कुळथाच्या पिठीत एका वाटीला अर्धा चमचा पुरते. पीठ पाण्यात कालवतानाच घालायची, वरून घातली तर गुठळ्या होतात. चमचा कोरडा हवा, आणि पातेल्याच्या वाफेवर बाटली उघडी धरायची नाही.